बोल्झानोला जाल तर ओत्झीचं धनुष्य आधी बघा

इटलीतल्या बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात, आल्प्सच्या बर्फात प्रेत सापडलेल्या ओत्झीला बघायची खिडकी जेमतेम 40 बाय 40 सेंटीमीटरची आहे. उणे 6 अंशांत जपलेला, 5300 वर्षांपूर्वीचा माणूस एवढ्याशा चौकोनातून बघायचा म्हटल्यावर रांग आलीच. तिची तक्रार नाही. चीड आली ती नंतर. खिडकीत डोकावून झालं की बहुतेक मंडळी घड्याळ बघत निघून जात होती आणि त्याच्या धनुष्यापुढे चिटपाखरू नव्हतं. मी तर म्युनिकहून ब्रेनर खिंड ओलांडून त्या धनुष्यासाठीच आले होते.

ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं आहे आणि 1.82 मीटर लांब. ज्याचं होतं तो माणूस साधारण 1.60 मीटर उंचीचा. काचेला नाक लावून पाहिलं तर लांबीभर कुऱ्हाडीने तासल्याचे घाव दिसतात, एकाशेजारी एक. घासून गुळगुळीत केलेलं नाही, टोकांना दोरीसाठी खाच नाही. म्हणजे काम चालूच होतं. आल्प्समधल्या 3210 मीटर उंचीवरच्या दुसऱ्याच एका खिंडीत हा माणूस अर्धवट धनुष्य घेऊन चढला, आणि त्याच्या डाव्या खांद्यात दुसऱ्या कुणाच्या बाणाचं गारगोटीचं टोक रुतलं. ते टोक क्ष-किरणांत दिसलं 2001 मध्ये, म्हणजे प्रेत सापडल्यावर दहा वर्षांनी. खुनाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. धनुष्याची कोण सांगणार?

भात्यात 14 बाण होते. त्यांतल्या दोघांनाच टोकं आणि पिसं लावलेली, आणि तेही मोडलेले. पिसं भूर्जाच्या सालीच्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याने आवळलेली आहेत. ते वेढे इतके एकसारखे आहेत की माझा पाय तिथून निघेना. बाकीच्या बारा नुसत्या काड्या.

त्याच भात्यात एक गुंडाळलेली दोरीही होती. आधी ती झाडाच्या सालीची वाटली होती. पुढे बारकाईने तपासल्यावर कळलं की ती जनावराच्या कंडरांचे तीन पदर पिळून केली आहे. लांबी सुमारे दोन मीटर. मी तिथेच मनात हिशोब मांडला. ताणून वाकवलेल्या धनुष्यावर दोरी दांड्यापेक्षा आखूडच लागते. 1.82 मीटरच्या दांड्याला ही दोरी चढवली तर दोन्हीकडच्या गाठींसाठी वीतभराहून जास्त उरते. दोरी याच धनुष्यासाठी राखून ठेवली असणार, असं मला मनापासून वाटतं. खाच नसली तरी टोक निमुळतं केलं की फास सरकत जाऊन घट्ट बसतो. कंडरेची दोरी भिजली की सैल पडते, म्हणून बर्फातून जाताना ती भात्यात कोरडी ठेवणं शहाणपणाचंच. एरवीही धनुष्य कायम ताणलेलं ठेवत नाहीत, लाकडाला तसाच बाक बसतो.

एक गोष्ट वाचून जीव हळहळला. 1991 मध्ये बर्फातून काढताना धनुष्य मोडलं आणि खालचं टोक आतच राहिलं. ते पुढच्या वर्षीच्या उत्खननात मिळालं. इतकी वर्षं बर्फाने सांभाळलं आणि माणसाचा हात लागताच तुटलं.

तुम्ही जाल तर संग्रहालयाचं दार उघडताच आत शिरा आणि खिडकीची रांग वाढू द्या. तेवढ्या वेळात धनुष्य आणि भाता तुम्हाला निवांत बघता येतील.