कंट्रीच्या गावात व्हायकिंगांची नाव: नॅशव्हिलचा मेटल शो

अमेरिकेतलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताचं गाव. तिथल्या लोअर ब्रॉडवे या रस्त्यावर सकाळी दहा-अकरापासून बँड वाजायला लागतात. दारं-खिडक्या सताड उघडी, बहुतेक बारना तिकीट नाही, स्टेजपुढच्या बादलीत टीप टाकायची. अमॉन अमार्थसारखा बँड गावात आला तर मात्र ब्रॉडवेवर शोधू नका. 1992 पासून वाजवणारे हे स्वीडिश गडी डेथ मेटल हा मेटल संगीताचा दणदणीत प्रकार वाजवतात आणि गाण्यांत थोर, ओडिन हे व्हायकिंगांचे देव, लढाया, समुद्र. अशा बँडना उभ्या प्रेक्षकांचा हॉल लागतो. त्यातला बघण्यासारखा मॅरेथॉन म्युझिक वर्क्स: 1910 च्या दशकात इथे मॅरेथॉन नावाच्या मोटारी बनायच्या. विटांच्या भिंती, साधारण 1,800 माणसं, ब्रॉडवेपासून दोन-अडीच किलोमीटर. याउलट 1892 चं राइमन सभागृह म्हणजे चर्चसारखी लाकडी बाकं. तिथे वल्हवायला जमीनच नाही.

वल्हवण्याकडे येतोच, आधी दारावरची कटकट. तिकिटावर दोन वेळा असतात, 'डोअर्स' आणि 'शो'. सातला डोअर्स असतील तर मुख्य बँड नऊ-साडेनऊच्या आधी क्वचितच येतो. बिअर हवी असेल तर मूळ पासपोर्ट न्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही. एकवीसच्या खालच्यांच्या हातावर मार्करने फुली मारतात. बॅग शक्यतो नकोच. न्यायचीच तर पारदर्शक, कारण बऱ्याच हॉलमध्ये दुसरी आत सोडत नाहीत. टी-शर्ट आल्या आल्या घ्या, नंतर मापं संपतात, आणि घेतलेला अंगातल्यावरच चढवा. हातात धरलेला टी-शर्ट पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या ढकलाढकलीच्या गर्दीत, हमखास हरवतो. शिंगांचं प्लास्टिकचं हेल्मेट घालून येणारे दोन-चार असतातच. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेरावाल्यांची देणगी. इतिहास राहू द्या, मागच्याच्या डोळ्यात जातात म्हणून तरी घालू नका.

कानात बोळे हवेतच. अमेरिकेतला कामगार-आरोग्याचा हिशेब असा: 85 डेसिबल आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि शो चालतो तीन तास. विसर्जन मिरवणुकीत ताशाशेजारी उभं राहिलेल्यांना जास्त सांगायला नको. फोमचा बोळा कोरड्या बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. लोक इथेच घाई करतात. बोळा कानाच्या तोंडाशीच फुगतो आणि दुसऱ्या गाण्यात पडतो.

आता वल्ही. अमॉन अमार्थचं 2022 चं 'पुट युअर बॅक इन्टू द ओअर' हे गाणं सुरू झालं की पिटमधली माणसं खाली बसायला लागतात. पाय फाकवून बसायचं, पुढचा आपल्या गुडघ्यांमध्ये, आपण मागच्याच्या. हात लांब करून पुढे वाकायचं आणि ठोक्यावर सगळ्यांनी मिळून मागे ओढायचं. झुकझुक गाडीसारखंच, फक्त दाढीवाल्यांची. खरं तर वल्हवणारा नावेच्या टोकाकडे पाठ करून बसतो. इथे सगळ्यांची तोंडं स्टेजकडे, म्हणजे हिशेबाने नाव उलटी, थेट मागच्या बारकडे निघालेली असते!

बसण्याआधी मागच्या खिशातला मोबाइल पुढच्या, चेनच्या खिशात घाला. सांडलेल्या बिअरवरून तो सरकत कुठे जाईल नेम नाही. बसा ते मधल्या रांगेत. शेवटच्या रांगेमागे काही जण अजून ढकलाढकली करत असतात आणि ते पाठीवर येऊन पडतात. उठताना तळवा जमिनीवर टेकू नका, आजूबाजूला सगळे बूट. शेजाऱ्याचा खांदा धरा, तो काही म्हणत नाही. कोणी पडलाच तर चार हात लगेच त्याला उचलतात, हा पिटचा पहिला नियम. गुडघे कुरकुरत असतील तर साउंडच्या टेबलापाशी उभे राहा. आवाज तिथूनच सर्वांत स्वच्छ येतो, कारण इंजिनियर तो तिथेच उभा राहून जुळवतो. बँडचा गायक योहान हेग कमरेचं पिण्याचं शिंग काढून पितो, तेही नीट दिसतं.

शो सुटला की दारातूनच गाडी बुक करू नका, भाडं चढलेलं असतं. अर्धा तास थांबा किंवा गर्दीबरोबर दोन-तीन चौक पुढे जा. भूक लागली असेल तर ब्रॉडवे रात्री उशिरापर्यंत जागा असतो, आणि काळ्या टी-शर्टवाल्यांकडे तिथे कोणी वळूनही बघत नाही.