तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सगळ्यांना घेता’ म्हणजे नेमकं काय करता?

‘तुमच्या चर्चमध्ये सगळ्यांना घेतात म्हणे. म्हणजे नेमकं काय करता?’ ठाण्यात हा प्रश्न आम्हाला तीन तऱ्हेची माणसं विचारतात: ज्यांना यायचंय पण धाकधूक आहे, ज्यांना आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायात, असं काही सुरू करायचंय, आणि इथे भलतंच काहीतरी चालतं असा ज्यांना दाट संशय आहे. तिघांना उत्तर एकच. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे वचन बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात येतं. त्याच अध्यायात शेताच्या कडेचं पीक कापू नका, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नका, वजनमापात लबाडी करू नका, असे रोखठोक नियम आहेत. प्रीतीची गोष्ट तिथे धान्य, मजुरी आणि तराजूच्या सोबतीनेच निघते. आमचंही उत्तर मग बरंचसं खुर्च्या, पातेली, किल्ल्या आणि हिशेबाच्या वहीबद्दल आहे.

दारात हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणायला काही पडत नाही. गाडी अडते ती पुढच्या दोन प्रश्नांवर: ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळचे कुठले?’ नगर, जालना, सोलापूरकडची आपली माणसं नातं लागतंय का बघायला हे विचारतात, मनात काही नसतं. पण आडनाव आणि गाव कळलं की पूर्वीची जात कळते, आणि पुढचं बोलणं त्या बेतानेच होतं. म्हणून दारात उभं राहणाऱ्यांना एवढंच सांगितलेलं असतं: आधी स्वतःचं नाव सांगा, समोरचा जे नाव सांगेल तेच घ्या, आडनाव आपणहून विचारू नका. ‘आज नवीन आलेल्यांनी उभं राहावं’ ही घोषणाही बंद. घर सोडून आलेली बाई, घरी न सांगता आलेला मुलगा, बायको ख्रिस्ती म्हणून सोबत आलेला नवरा, यांना उभं केलं की ते पुढच्या रविवारी येत नाहीत, आणि मंडळीला वाटतं प्रवचन आवडलं नसेल. वहीत नाव-फोन लिहिणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. उपासनेचे फोटो विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जात नाहीत.

बसण्याचंही तसंच. जुन्या पद्धतीत पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. एखादी ट्रान्सजेंडर व्यक्ती आत आली की मधल्या वाटेवरच तिचे पाय अडतात, कारण ती कुठे वळते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. दोन्ही बाजू मिश्र केल्या की ही अडचण राहत नाही. आजीबाईंना ते रुचलं नाही तर पुढच्या दोन रांगा त्यांच्या त्यांना ठेवाव्यात, भांडत बसू नये. ट्रान्सजेंडर ओळखपत्र २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, पण मंडळीच्या वहीत नाव बदलायला त्या कागदाची अट घालायचं कारण नाही. ‘समलिंगी जोडप्यांची लग्नं लावता का?’ हा उपप्रश्न येतोच. अशा लग्नाची कायद्याने नोंदणी होत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो विषय कायदेमंडळाच्या अखत्यारीतला ठरवला. मंडळीत याबद्दल एकमत नाही, आणि ते लपवण्यातही अर्थ नाही. एकमत आहे ते यावर: दोघांपैकी एक आजारी पडला तर पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पहिला फोन दुसऱ्याला करतात, गावाकडच्या भावाला नाही. नव्या घरातली प्रार्थना इतरांसारखीच होते. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि पेल्याच्या विधीला, कोणाला थांबवलं जात नाही.

आता वेळ आणि जेवण. इथे सगळ्यात जास्त चुकतं. रविवार सगळ्यांचा सुट्टीचा असतो हा नोकरदारांचा गैरसमज आहे. वॉचमनची ड्युटी आठ ते आठ. घरकामाच्या बायांना रविवारी मालकांकडे पाहुणे, म्हणजे दुप्पट भांडी. ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्यांचं मेगाब्लॉकपुढे काही चालत नाही. सकाळी नऊची एकच उपासना ठेवली तर दार उघडं असूनही ही माणसं बाहेरच राहतात. म्हणून संध्याकाळी साडेआठला पाऊण तासाची दुसरी उपासना. तेच वचन, तेच प्रवचन, थोडं आटोपशीर. धोका असा की ती बघता बघता ‘कामवाल्यांची उपासना’ होते आणि तिथे शिकाऊ पाळक पाठवले जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रभुभोजन एका महिन्यात सकाळी, पुढच्या महिन्यात रात्री, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी महिन्यातून एकदा रात्रीच यायचं.

प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, हीच गोष्ट ताटात दिसते. करिंथ इथल्या पहिल्या शतकातल्या मंडळीवर प्रेषित पौल चिडला होता तो याच कारणाने: लवकर येणारे पोटभर जेवून घ्यायचे आणि मागाहून येणारे उपाशी राहायचे. त्याने सांगितलेला तोडगा साधा होता, एकमेकांची वाट पाहा. साठ माणसांना तांदूळ सहा किलो, तूरडाळ अडीच किलो, बटाटा-कोबीची भाजी सहा किलो आणि लोणचं एवढं बेतशीर पुरतं. पण वाढायला सुरुवात होण्याआधी दहा ताटांचं अन्न वेगळं काढायचं: पाच लिटरच्या हॉटपॉटमध्ये भात, तीन लिटरच्या डब्यात डाळ, भाजी वेगळी, झाकणावर चिठ्ठी. उशिरा येणाऱ्यांना उरलंसुरलं द्यायचं नाही, काढून ठेवलेलं द्यायचं; ताट पुढे आलं की जेवणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो. मे महिन्यात भात तासन् तास उघड्या पातेल्यात ठेवू नका, आंबतो. हॉटपॉट आधी उकळत्या पाण्याने गरम करून घेतला तर जास्त वेळ टिकतो. मटण-चिकन सणावारी ठीक. एरवी शाकाहारीच बरं, कारण कोणाचा नवरा बौद्ध, कोणाची सासू हिंदू, कोणाचा वार.

कोण रांधतं आणि कोण झाडतं, हेही बघावं लागतं. हौसेवर सोडलं तर ठरावीक घरं रांधतात आणि ठरावीक घरं भांडी घासतात, आणि जुनी उतरंड मुकाट्याने परत उभी राहते. त्यामुळे रांधणं, वाढणं, घासणं, झाडणं या चारही कामांच्या चिठ्ठ्या, त्यात डॉक्टर, बँकवाले, पाळकसाहेब सगळे. अपवाद एकच: जो सहा दिवस महापालिकेच्या सफाई खात्यात राबतो त्याच्या हातात रविवारी झाडू द्यायचा नाही. त्याने भात वाढावा.

पैशाची मदत कशी करावी हे येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जवळजवळ पावतीसारखं लिहिलंय. हा शोमरोनी वाटेत सापडलेल्या जखमी माणसाच्या मुठीत पैसे कोंबत नाही. उतारशाळेवाल्याला दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेने जातो. रक्कम ठरलेली, भरणा थेट, पुढची भेट ठरलेली. आम्हीही तेच करतो: शाळेची फी शाळेच्या नावाने, औषधं ठरलेल्या दुकानातून, विजेचं बिल ऑनलाइन. तीन हजारांपर्यंत दोघांच्या सहीने, वर गेलं की तिघांच्या. वहीत नाव नाही, क्रमांक. नावांची यादी एकाच कपाटात.

उसने मात्र कधीही देऊ नका. हजार रुपये उसने घेतलेला माणूस देणं फिटेपर्यंत तोंड चुकवतो, म्हणजे मंडळी हजार रुपयांत एक माणूस गमावते. द्यायचे तर दिले म्हणून द्यावेत, नसतील तर नाहीत म्हणून सांगावं. रेशनच्या पिशवीत पत्रक, कॅलेंडर, वचनाचं कार्ड काहीही टाकायचं नाही, आणि पिशवी देताना फोटो नाही. गरजूला आमच्या उपासनेला यावं लागत नाही, कधी येणार असं विचारायचंही नाही. संशयाने प्रश्न विचारणाऱ्यांना हे वाक्य पुन्हा वाचायला आमची हरकत नाही.

खरं तर आपल्या पिशवीपेक्षा माणसाच्या हक्काचं मिळवून दिलेलं जास्त पुरतं. प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर दर महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं, आणि जालन्याचं कार्ड कळव्याच्या दुकानातही चालतं. बांधकामावरच्या, खदानीतल्या माणसांच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, मशीन ओळखत नाही, आणि बिचारा दुकानातून परत येतो. अशा वेळी त्याच्यासोबत आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने देणं ही अर्ध्या दिवसाची सेवा आहे. दवाखान्याचंही असंच: धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. लोक डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आलं की धावाधाव करतात, तेव्हा उशीर झालेला असतो. भरती झाल्याबरोबर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या.

घरात मार खाणारी बाई मंडळीत आली तर पहिली चूक ठरलेली: पाळकसाहेब आणि दोन वडीलधारे संध्याकाळी तिच्या घरी जाऊन नवऱ्याला समजावतात, प्रार्थना करतात, निघून येतात. रात्री तिला दुप्पट मार बसतो, कारण आता तिने ‘बाहेर सांगितलं’. क्षमेचं वचन तिला ऐकवणं ही दुसरी चूक. आधी ती आज रात्री कुठे झोपणार ते विचारा. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, औषधं एका पिशवीत भरून विश्वासाच्या घरी ठेवायला सांगा. १८१ ही महिला मदतवाहिनी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिच्यासोबत बाईनेच जावं, आणि पुढे काय करायचं ते तिने ठरवावं. मुलांच्या बाबतीत तर पर्यायच नाही: लैंगिक छळाची माहिती कळली की पोलिसांना सांगणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘मंडळीतच मिटवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या बायबल शिक्षणाच्या, वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं.

बाकीच्या सोयी स्वस्त आहेत, आळसाने राहतात. पायरी सहा इंच उंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा, एकास बारा. तीन फुटांत उरकलेल्या उतारावर चाकाची खुर्ची चढवताना मागच्याचा जीव जातो. प्रभुभोजनाला द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळलेला रस. शंभर जणांना लिटरभर पुरतो, आणि दारू सोडलेल्या माणसाला पेला पुढे आल्यावर कसं नाही म्हणायचं हा पेच पडत नाही. आणि स्पीकर! निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५, ही मर्यादा आपल्यालाही आहे. भिंतीपलीकडची सोसायटी हाच पहिला शेजारी. तिच्या गेटसमोर गाड्या लावून आत शेजारप्रीतीवर प्रवचन झोडू नये.

ही कल्पना परदेशातून आणली असं कोणी म्हणालं तर १९१७ साल आठवावं. त्या वर्षी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त होते. आमच्या ट्रस्टच्या घटनेप्रमाणे पंच निवडायचा हक्क सभासदालाच आहे, त्यात आम्हाला परस्पर बदल करता येत नाही. पण स्वयंपाकघर, मदतनिधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि अर्पण मोजणं या चार कामांना सभासद असण्याची अट नाही. स्वयंपाकघराची आणि मुख्य दाराची किल्ली ३१ मार्चला हिशेब बंद होतो तेव्हा हात बदलते. अर्पण मोजणारे तिघेही त्याच दिवशी बदलतात, आणि तिघांत एक जण नव्याने आलेला असावाच लागतो. सगळ्यात जास्त कुरकुर इथे होते: ‘कालच्या माणसाच्या हातात पैसे?’ मोजणी तिघांसमोर होते, आकडा तिथल्या तिथे वहीत चढतो, खाली तीन सह्या, सोमवारी बँकेत भरणा. चाळीस वर्षं मंडळीत असलेल्यांनाही हाच नियम आहे.