बेचाळीस मिलिमीटर

गच्चीवर बसवलेली आमची उभ्या अक्षाची पवनचक्की फिरत होती, पण वेग धरत नव्हती. व्यास 2 मीटर, तीन सरळ पाती, वारा सेकंदाला 5 मीटर. फेऱ्या मिनिटाला 50 च्या आसपास, पुढे हलायला तयार नाही. हाताने जोर देऊन सोडली तरी थोड्या वेळात पुन्हा 50. बेअरिंग तपासलं, जनरेटर सोडवून ठेवला. फरक शून्य.

दुपारी त्या 50 चं गणित मांडलं. या व्यासाला 50 फेऱ्या म्हणजे पात्याचा वेग सेकंदाला 5 मीटरच्या थोडा वर, जवळपास वाऱ्याएवढाच! अशा वेळी पात्याला वारा ज्या कोनातून लागतो तो फेरीभर बदलत राहतो, जवळजवळ आडवा होईपर्यंत. पातं वाऱ्याच्या दुप्पट वेगाने गेलं की तो कोन 30 अंशांच्या वर जात नाही, चौपटीला 15 च्या आत येतो. आमची चक्की तिथवर पोचण्याआधीच स्टॉल होत होती, म्हणजे कोन फार झाल्याने हवा पात्याच्या पाठीवरून सुटत होती आणि ढकलणारा जोर जात होता.

पात्यावर लोकरीचे तुकडे चिकटवले आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. पाठीला सरळ लागून राहायला हवेत ते धागे विस्कटून पुढच्या कडेकडे उलटे वळत होते.

पाती मीच ठरवली होती: नाका (NACA) 0012, हा पात्याच्या छेदाच्या आकाराचा ठरलेला क्रमांक. शेवटचे दोन आकडे म्हणजे रुंदीच्या टक्क्यांत जाडी. 20 सेंटिमीटर रुंदीला 24 मिलिमीटर. पातळ तेवढा हवेचा अडथळा कमी, एवढाच माझा विचार. थर्माकोल कापून वर फायबर चढवणारे दादा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, पुढची कड जरा भरदार ठेवू का?" मी नको म्हटलं होतं. आता त्यांनाच फोन लावला.

नवी पाती 0021 ची, 42 मिलिमीटर जाड. एवढ्या लहान पात्यावर, कमी वेगात, अणकुचीदार नाकावरून, म्हणजे पुढच्या कडेवरून, हवा एकदम सुटते. गोलसर नाकावर ती वळण घेते, स्टॉल उशिरा आणि हळूहळू येतो. जोरदार, सलग वाऱ्यात पातळ पातं कदाचित पुढे जाईल. पण आमच्या गच्चीवर वारा तुटक येतो, आणि तिथे चक्कीला आधी वेग धरता आला पाहिजे.

बसवली त्या दिवशी वारा तसाच होता. काटा 50 वर बराच वेळ घुटमळला. दादा कठड्याला टेकून उभे. मग 60, 75, आणि आवाज बदलला, धपधप जाऊन बारीक सळसळ आली. शंभरी ओलांडली तेव्हा दादा म्हणाले, "आता जनरेटर जोडा."