रेट्रो डब्याची प्रगती: पाल डिस्का, लिबक्रिप्ट आणि निन्टेन्डोची किल्ली

मंडळी, आधी डब्याची खबर, म्हणजे जुने गेम टीव्हीवर चालवायला मी जमवतोय त्या रेट्रो डब्याची. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक टीव्हीमागे बसला, पंखा लागला, आणि मामांनी कुवेतहून आणलेल्या प्लेस्टेशन १ च्या डिस्का उतरवायला, म्हणजे त्यांची कॉपी करायला, घेतल्यात. फोंड्याच्या पावसाळ्यात डिस्क सांभाळणं म्हणजे पापड सांभाळणं. कपाटात सिलिका जेल ठेवलं तरी कडेला बुरशीची पांढरी नक्षी उठतेच. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड. कापड मधून कडेकडे सरळ ओढायचं. गोल फिरवलंत तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि मग ड्राइव्ह रडते.

यातली एक डिस्क एकही एरर न देता उतरली, गेम सुरू झाला, आणि पुढे एका ठरावीक ठिकाणी येऊन अडकला. परत लावला, परत तिथेच. हे लिबक्रिप्ट, कॉपी रोखायची सोनीची जुनी युक्ती. नव्वदच्या दशकाअखेरीस सोनीच्या काही पाल (युरोप वगैरेकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्कांवर सबचॅनेलमधले (गेमच्या डेटासोबत जाणाऱ्या जोडमाहितीतले) मोजके बिट मुद्दाम बिघडवलेले असायचे. साधी कॉपी करताना ते बिट येतच नाहीत, गेम मधेच तपासतो आणि रुसतो. सबचॅनेलसकट वाचणारी ड्राइव्ह मित्राकडून आणली, त्या बिटांची नोंद ठेवणारी एसबीआय फाइल केली, डिस्कच्या कॉपीच्याच (इमेजच्या) नावाने शेजारी ठेवली. गाडी पुढे सरकली.

आता गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलेला प्रश्न: डब्यात निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचे गेम का नाहीत, आणि कंपन्या इम्युलेटरवर (एका कन्सोलचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) एवढ्या का तुटून पडतात? पहिल्याचं उत्तर सोपं, पायला ते झेपणार नाही. दुसऱ्याचं उत्तर या लिबक्रिप्टच्याच गल्लीत आहे.

इम्युलेटर लिहिणं हाच गुन्हा, असं ठरवून घ्यायचा प्रयत्न सोनीने करून पाहिला. १९९९ मध्ये कनेक्टिक्सने मॅकसाठी व्हर्च्युअल गेम स्टेशन हा प्लेस्टेशनचा इम्युलेटर काढला तेव्हा प्लेस्टेशन दुकानांत जोरात खपत होता. सोनीला सुरुवातीला मनाई हुकूम मिळालाही, पण २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो उठवला. बायोस (कन्सोलमधला मूळ प्रोग्रॅम) कसा चालतो हे समजून घेताना मधल्या टप्प्यावर केलेली नक्कल त्यांनी रास्त वापरात धरली. पुढच्या वर्षी सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेतला आणि गुंडाळून टाकला. कोर्टात जमलं नाही, चेकबुकाने जमलं!

तेव्हापासून कंपन्यांनी वाट बदलली. आता बोट ठेवतात ते कुलूप तोडण्यावर. स्विचचे गेम एन्क्रिप्टेड असतात, ते उघडायला कन्सोलमधल्या किल्ल्या, म्हणजे गुप्त कोड, लागतात. युझू या स्विचच्या इम्युलेटरमध्ये त्या किल्ल्या नव्हत्या, वापरणाऱ्याने आणायच्या होत्या. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेन्डोने दावा लावला: किल्ल्या वापरून गेम उघडणं हेच अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचं उल्लंघन. आठवडाभरात २४ लाख डॉलरवर तडजोड झाली, युझू बंद, सोबत निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस कन्सोलचा इम्युलेटर सित्राही बंद. खटला चाललाच नाही, त्यामुळे हा मुद्दा कोर्टाने तपासलेला नाही. ‘युझूवर कोर्टाने बंदी घातली’ असं सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धंच खरं: मनाई हुकूम होता तो तडजोडीत दोन्ही बाजूंच्या संमतीने, सुनावणी होऊन नव्हे.

कंपनीची चिडचिड अगदीच खोटी नाही. निन्टेन्डोच्या दाव्यानुसार झेल्डाचा २०२३ चा गेम बाजारात यायच्या आधीच दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाला होता. लोक कन्सोल घेतात ते मुळात असल्या गेमसाठीच. तोच गेम पीसीवर, तोही जास्त गुळगुळीत चालला, तर कन्सोल कोण घेईल? वर युझूवाले दरमहा वर्गणी गोळा करत होते. तिथे मला त्यांची बाजू घेववत नाही.

पण तीच कडकाई जुन्या गेमांना लावतात तेव्हा डोकं फिरतं. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलं. विकायचेही नाहीत आणि जपूही द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय?

आपल्याकडे कायद्याचा सूर थोडा वेगळा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. आणि कलम ५२ कायदेशीरपणे हाती असलेल्या प्रोग्रॅमची, नाश किंवा नुकसानापासून बचाव म्हणून, बॅकअप प्रत काढू देतं. मी वकील नव्हे. पण बुरशी लागलेली डिस्क समोर असताना ‘नाश किंवा नुकसान’ हे शब्द आपल्या गोव्याकडे बघूनच लिहिलेत असं वाटतं. म्हणून माझा नियम एवढाच: डिस्क माझी, बायोस माझ्याच कन्सोलमधून काढलेला, आणि उतरवलेली प्रत कुणालाही द्यायची नाही. मागूही नका, रागावू नका.

चवथीपूर्वी उरलेल्या डिस्का संपवायच्या आहेत, लाईटने साथ दिली तर. त्यानंतर पीएस२, पण त्यासाठी पाय पुरणार नाही, जुना डेस्कटॉप शोधतोय. मडगाव-म्हापशाकडे कुणाकडे धूळ खात पडलेला असेल तर सांगा, न्यायला मी येतो.