प्रश्न विचारा, मग जरा गप्प बसा

‘समजलं का?’ असं विचारलं की पुण्यातल्या कुठल्याही वर्गातून एका सुरात ‘होऽऽ’ येतं. त्यातून कुणाला काय समजलं, ते काहीच कळत नाही. बी.एड.च्या सराव पाठाच्या टाचणात प्रश्न नीट लिहिलेले असतात, पण प्रश्नानंतर किती थांबायचं याचा रकानाच नसतो.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ही उसंत ३ सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. साहजिकच आहे. प्रश्न धरून ठेवायचा, आठवणीत शोधायचं, वाक्य जुळवायचं, हे सगळं कार्यकारी स्मृतीच्या, म्हणजे काम चालू असताना गोष्टी मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, इवल्याशा जागेत चालतं. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला तर ते वाक्य मराठीत बसवायचंही असतं.

क्रम असा ठेवा: आधी प्रश्न, मग मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’, आणि शेवटी नाव. नाव आधी घेतलंत की बाकीचा वर्ग सुटतो. या वेळात प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नका. मुलांची जुळणी मोडते. पाढे किंवा सनावळीसाठी मात्र एवढं थांबायची गरज नाही, तिथे उत्तर येतं तरी किंवा येत नाही.

दुसरी उसंत उत्तरानंतरची, आणि ती बहुतेक जण विसरतात. फळ्यावर १/२ + १/३ आहे. मुलगी म्हणते, ‘२/५.’ अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, ही नेहमीची चूक. लगेच ‘चूक, लसावि काढ’ म्हटलं की तिचा विचार तिथेच थांबतो. तीन सेकंद थांबा, चेहरा कोरा ठेवा. मग विचारा, ‘२/५ मोठं की १/२?’ अर्ध्या पोळीत आणखी भर घालून पोळी अर्धीहून कमी कशी झाली, हे तिला स्वतःलाच खटकतं. ५/६ पर्यंत पोचायला मग मदत लागेल, पण ती मागणारी ती असेल.

साठच्या पटात पाट्या फार कामाच्या. सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि टाळी वाजली की पाटी वर. हुशार चौघांच्या ‘सर, मी! सर, मी!’मागे बाकीच्यांना लपता येत नाही. दहा सेकंदांनंतरही पाट्या कोऱ्या दिसल्या तर प्रश्नच मोघम आहे. तो दोन तुकड्यांत फोडा.

मागच्या बाकावर निरीक्षणाला बसणाऱ्यांनी ‘प्रश्न चांगले विचारले’ हा ठरावीक शेरा सोडून मोबाइलचं स्टॉपवॉच लावावं आणि प्रत्येक प्रश्नापुढे सेकंद लिहून द्यावेत.