तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात कसे राहता?

पुण्याला गेलं की कुणीतरी विचारतंच, "तिकडे बर्फात कसे गं राहता?" मला ओशाळल्यासारखं होतं. मी राहते तोक्योच्या निशिकासाईत, आणि तिथे अख्ख्या हिवाळ्यात बर्फ एखाद-दोनदा पडला तर पडतो. पडला की लोकलचा विचका आणि दुसऱ्या दिवशी राडा. एरवी जानेवारीभर निळंशार आभाळ आणि लख्ख ऊन. गॅलरीतली चादर दुपारपर्यंत खडखडीत वाळते.

बर्फ आहे तो डोंगरापलीकडे. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, मधल्या डोंगररांगांना अडतात आणि सगळं ओझं निइगाताच्या बाजूला उतरवतात. आमच्या वाट्याला उरतो कोरडा वारा, काराक्काझे. आपल्याला हे वेगळं काय सांगायचं! सह्याद्रीच्या अलीकडे कोकण, पलीकडे माणदेश. शिंकानसेननं (बुलेट ट्रेननं) निइगातातल्या एचिगो-युझावाला जाताना 22 किलोमीटरचा दाइशिमिझू बोगदा लागतो. आम्ही गेलो तेव्हा आत शिरताना डोळ्यांवर ऊन येत होतं, बाहेर पडलो तर समोर घरांची छपरंच दिसेनात.

थंडी मात्र आहे, आणि ती घरात आहे. इथे बहुतेक घरांत आपण बसतो तेवढीच खोली तापवतात. पॅसेज, संडास, न्हाणीघर सगळं गारठलेलं. त्यातल्या त्यात संडासाची सीट गरम असते, हे उपकारच. त्या गारठ्यातून एकदम कढत पाण्याच्या टबात उतरल्यावर म्हातारी माणसं दगावतात. त्याला 'हीटो शोक्कु' असा शब्दच आहे. ऑफिसातला, उत्तरेकडच्या बर्फाळ साप्पोरोचा एकजण म्हणतो, थंडी म्हणजे काय ते तोक्योत आल्यावर कळलं. त्यांच्याकडे दुहेरी खिडक्या, घर उबदार. बाहेर उणे तापमान आणि ही मंडळी आत टी-शर्टवर आइस्क्रीम खात बसलेली.

माझं खरं दुखणं दह्याचं. पहिल्या हिवाळ्यात दोन दिवस ठेवूनही विरजण लागेना, दुधाचं दूधच. मग कोतात्सू घेतला. बुटकं टेबल, खाली हीटर, वरून दुलई; पाय आत घालून बसायचं. रात्री मंद करून पातेलं आत ढकललं, सकाळी कवडीदार दही!

आता पाहुण्यांनी पाय आत घालण्याआधी मी ओरडते, "जपून, उजवीकडे विरजण आहे!"