कोपनहेगनच्या नगरभवनापाशी

एलजीबीटीक्यू प्रवाशांना मोकळेपणाने वावरता येईल अशी युरोपातली शहरे कोणती, असे कोणालाही विचारले तर कोपनहेगनचे नाव पहिल्या चार-पाचांत येतेच, आणि त्यापाठोपाठ ऑगस्ट महिन्यातल्या प्राइड मिरवणुकीची छायाचित्रेही येतात. मिरवणूक पाहण्यासारखी असते यात शंका नाही. तरीही आपल्याकडून तिथे जाणाऱ्या समलिंगी माणसाने आधी वेळ राखून ठेवावा तो शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या, लाल विटांच्या नगरभवनासाठी, असे मी आग्रहाने सांगेन; कारण समलिंगी जोडप्याच्या सहजीवनाची कायदेशीर नोंद जगात पहिल्यांदा झाली ती याच इमारतीत.

ती तारीख १ ऑक्टोबर १९८९. त्या रविवारी अकरा पुरुष जोडप्यांनी इथे नोंदणीकृत सहजीवनाच्या कागदांवर सह्या केल्या. त्यांपैकी आक्सेल आणि आइगिल आक्सगिल हे जोडपे तेव्हा अनुक्रमे ७४ आणि ६७ वर्षांचे होते आणि जवळजवळ चाळीस वर्षे एकत्र राहत होते. आक्सेल यांनी १९४८ साली आल्बोर्ग शहरात समलिंगी लोकांची डेन्मार्कमधली पहिली संघटना स्थापन केली, आणि त्यांचे नाव बाहेर फुटल्यावर त्यांना नोकरी गमवावी लागली. पुढे १९५० च्या दशकात पुरुषांची छायाचित्रे विकण्याच्या व्यवसायावरून दोघांवर खटला झाला आणि दोघेही तुरुंगात गेले. तुरुंगात असतानाच त्यांनी आपल्या दोन नावांचे तुकडे जोडून आक्सगिल हे एकच आडनाव घेतले. ज्या राज्याने त्यांना कोठडीत टाकले, त्याच राज्याच्या अधिकाऱ्यासमोर तीस-बत्तीस वर्षांनी ते त्या आडनावाने उभे राहिले. सह्या झाल्यावर घोडागाडीत बसून एकमेकांचे चुंबन घेणाऱ्या या दोन वृद्ध गृहस्थांचे छायाचित्र जगभर गेले.

हे सारे वाचून गेले होते, तरी त्या इमारतीत प्रत्यक्ष उभे राहिल्यावर मनावर ठसली ती वेगळीच गोष्ट. मार्टिन नीरोप या वास्तुविशारदाचे हे नगरभवन १९०५ साली पूर्ण झाले. आत जायला तिकीट लागत नाही, आणि विवाहाचे दालन मुख्य सभागृहाजवळच आहे. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या बाकांवर पाच-सहा जोडपी आपापल्या पाहुण्यांसह पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. त्यांत साठीच्या दोन बायका होत्या. एकीने पांढऱ्या रानफुलांचा गुच्छ धरला होता, दुसरी पुन्हापुन्हा चष्मा पुसत होती, आणि त्यांचा मुलगा असावा असा एक तरुण कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडले, एका कर्मचारी बाईंनी यादीवरून नावे पुकारली, तिघे आत गेले आणि दहाएक मिनिटांत बाहेर आले. तोच पुढच्या जोडप्याचे, एका मुलाचे आणि मुलीचे, नाव पुकारले गेले. मान वळवून पाहिले ते फक्त आम्ही दोघींनी. माझी जोडीदार मला हळूच म्हणाली, "रजिस्ट्रार ऑफिसमध्ये ताईच्या लग्नाला असंच बसलो होतो ना?" तिच्या बहिणीच्या त्या लग्नात साक्षीदार म्हणून आम्हा दोघींच्याही सह्या आहेत. स्वतःसाठी सही करण्याची सोय मात्र आपल्याकडच्या त्या कार्यालयात आम्हाला नाही.

डेन्मार्कने जगात सर्वांत आधी समतेचा कायदा केला, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते, पण १९८९ चा तो कायदा फार अपुरा होता, आणि तो अपुरेपणा समजून घेतल्याशिवाय नगरभवनाचे मोल कळत नाही. १६८३ च्या डॅनिश संहितेत समलिंगी संबंधांना जाळून मारण्याची शिक्षा होती. १८६६ मध्ये तिच्या जागी तुरुंगवास आला, आणि १९३३ पासून प्रौढांमधले संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण संमतीचे वय सर्वांना सारखे व्हायला १९७६ उजाडले. १९८० च्या दशकात संसदेने या प्रश्नावर एक आयोग नेमला, आणि त्याचे काम चालू असतानाच, १९८६ साली, एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांना वारसाकरात विवाहितांसारखी सवलत मिळाली. म्हणजे सुरुवात झाली ती पैशाच्या व्यवहारापासून. आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी सहजीवनाच्या नोंदणीची शिफारस केली नव्हती, तरीही संसदेने १९८९ चा तो कायदा ७१ विरुद्ध ४७ मतांनी संमत केला. त्यात मूल दत्तक घेण्याचा हक्क नव्हता आणि चर्चमध्ये विवाहाची सोय नव्हती. जोडीदाराचे मूल दत्तक घेण्याची मुभा १९९९ मध्ये मिळाली, दोघांनी मिळून दत्तक घेण्याची २०१० मध्ये, आणि १५ जून २०१२ पासून विवाह हा सर्वांसाठी एकच झाला, चर्चमधलासुद्धा. एखादा धर्मोपदेशक आजही वैयक्तिक नकार देऊ शकतो, पण जोडप्याला चर्चचे दार बंद होत नाही.

मधल्या काळात पाऊल मागेही पडले होते. १९९७ च्या कायद्याने डॉक्टरांना एकट्या आणि समलिंगी स्त्रियांवर कृत्रिम गर्भधारणेचे उपचार करण्यास मनाई केली. कायद्यात उल्लेख फक्त डॉक्टरांचा असल्यामुळे एका सुईणीने १९९९ साली कोपनहेगनमध्ये स्वतःचा दवाखाना काढला आणि या स्त्रियांना मार्ग मिळवून दिला. ती मनाई उठायला पुढे आणखी काही वर्षे गेली. मला या सुईणीबद्दल अतोनात आदर वाटतो.

नगरभवनाला लागूनच राईनबूप्लासन, म्हणजे इंद्रधनुष्य चौक, आहे. त्याला हे नाव २०१४ साली देण्यात आले. चौक कसला, सायकली लावायची जागा, थोडी बाके आणि ऑस्कर हे कॅफे इतकाच त्याचा पसारा आहे, पण ऑस्करच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसून संध्याकाळी कामावरून सायकलने घरी जाणारे शहर पाहण्यात फार सुख आहे. कोपऱ्यावरून पाच मिनिटे चालले की काटेसुंदेत या गल्लीत सेंट्रालयॉर्नेत हा जुना बार लागतो. युरोपातल्या सर्वांत जुन्या समलिंगी बारमध्ये त्याची गणना होते. आत जागा अगदी लहान आहे, आणि गिऱ्हाइकांत सत्तरीचे आजोबाही दिसतात. समलिंगी म्हातारपण असे उघड्यावर, निवांत बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. आपल्याकडे या वयाची माणसे नाहीत असे नाही, पण त्यांतली कितीतरी संसाराच्या आड राहिली.

नगरभवनाच्या दुसऱ्या बाजूला रस्त्याकडेला परीकथाकार हान्स क्रिस्तियन अँडरसन यांचा पुतळा आहे. प्रवासी त्याच्या गुडघ्यावर बसून छायाचित्रे काढतात, त्यामुळे गुडघा झिजून चकचकीत झाला आहे. अँडरसन यांनी एडवर्ड कोलिन या मित्राला लिहिलेली उत्कट पत्रे प्रसिद्ध आहेत. कोलिन यांना त्या भावनेला प्रतिसाद देता आला नाही आणि १८३६ मध्ये त्यांनी विवाह केला. अँडरसन यांची मत्स्यकन्येची प्रसिद्ध गोष्ट त्याच सुमाराची आहे. अँडरसन यांच्या इच्छेप्रमाणे कोलिन पती-पत्नींना आसिस्टन्स दफनभूमीत त्यांच्याशेजारीच पुरण्यात आले होते, पण पुढे कोलिन कुटुंबाने त्या दोघांना आपल्या घराण्याच्या जागेत हलवले. अँडरसन यांना आज समलिंगी म्हणावे की आणखी काही, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला तेवढ्या थडग्यापाशी थांबावेसे वाटले आणि आम्ही थांबलो.

मत्स्यकन्येचा पुतळा सगळेच पाहतात, आम्हीही गेलो. तिथल्या काठावर आम्ही हातात हात घालून उभ्या होतो. शहरात वावरताना ही सवय अंगवळणी पडली होती. तेवढ्यात मागून मराठी कानावर आले आणि काही कळायच्या आत आमचे हात सुटले. सहलीच्या गटातल्या एक काकू जवळ आल्या.

"पुण्याच्या का गं तुम्ही? बोलण्यावरून वाटलं."

"हो काकू, कोथरूडच्या."

"बहिणी बहिणी?"

मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, आम्ही एकत्र राहतो. बरीच वर्षं झाली."

काकूंनी आम्हा दोघींकडे नीट पाहिले आणि "बरं केलंत. एकटीनं राहणं अवघड असतं," असे म्हणून पिशवीतून काढून चिवडा पुढे केला. त्यांना काय उमगले ते मला माहीत नाही. पण मी खोटे बोलले नाही, याचे समाधान मला त्या दिवशी झोपेपर्यंत पुरले.

व्हिसाच्या खिडकीवर मात्र ते धैर्य झाले नव्हते. शेंगेन अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात नोंदणीकृत सहजीवन असाही पर्याय असतो. तो आम्हाला लागू होत नाही, कारण आमची नोंद कुठेच नाही. दोघींनी अविवाहित म्हणून खूण केली, दोन वेगळ्या फाइली केल्या, आणि खिडकीवरच्या मुलाने नाते विचारले तेव्हा मैत्रिणी असे सांगितले. त्याउलट कोपनहेगनमधल्या हॉटेलात स्वागतकक्षातल्या तरुणीने एक मोठा पलंग हवा की दोन, एवढेच विचारले आणि उत्तर ऐकून, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आला आहात का, असे अगदी सहज विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

तिथे परदेशी जोडप्यांनाही विवाह करता येतो, त्यामुळे आपल्याकडचे अनेक जण त्याबद्दल विचारतात. कौटुंबिक बाबींच्या सरकारी कार्यालयाकडून आधी प्रमाणपत्र मिळवावे लागते, मग नगरपालिकेची वेळ घ्यावी लागते. ज्यांना पुढे युरोपात राहायचे आहे त्यांना या दाखल्याचा उपयोग आहे. भारतात त्याला कायद्याने काहीही किंमत नाही. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली अशी नोंदणी व्हावी ही मागणीही सर्वोच्च न्यायालयासमोर होती. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क पाचही न्यायाधीशांनी नाकारला, आणि डेन्मार्कने १९८९ मध्ये दिली तशी विवाहाहून वेगळी मान्यतासुद्धा तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारली गेली. तो निकाल ऐकताना मी रडले होते.

त्या निकालानंतर आपल्याकडेही थोडे काही हलले आहे. क्वीअर, म्हणजे एलजीबीटीक्यू, व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले, आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, असे राज्यांना कळवण्यात आले. पूर्वी मला या सूचना फार क्षुल्लक वाटत असत. १९८६ चा तो वारसाकराचा कायदा कळल्यापासून तसे वाटत नाही. परत आल्यावर आम्ही बँकेत गेलो. शाखेतल्या बाईंना परिपत्रकाची कल्पना नव्हती. आम्ही छापील प्रत बरोबर नेली होती, ती त्यांनी शांतपणे वाचली, आत जाऊन व्यवस्थापकांना दाखवली आणि अर्ज घेतला. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी ती प्रत अवश्य सोबत न्यावी, आणि विमा, भविष्य निर्वाह निधी व मृत्युपत्र यांचेही कागद त्याच आठवड्यात हाती घ्यावेत. आमचे मृत्युपत्र आता वकिलांकडे आहे. शिधापत्रिकेचा अर्ज पुढच्या महिन्यात करणार आहोत.